आठ तासांची झोप : हा आकडा आला कुठून?

१/
प्रौढ माणसाने रोज आठ तास झोपावे, हे वाक्य आज इतके सर्वमान्य झाले आहे की कोण्या वैद्याने ते कधीतरी सिद्ध केले असणार, असे बहुतेकजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात या आकड्याचा उगम दवाखान्यात नाही, कारखान्यात आहे. आणि त्याच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण मुंबईच्या गिरणगावात घडले. ‘फार झोपणे वाईट’ या समजुतीची कहाणी मात्र याहून जुनी आहे. हा धागा या दोन्ही गोष्टींविषयी.

२/
आरंभ जुन्या भारतीय वैद्यकापासून करणे सोयीचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना देहाचे तीन उपस्तंभ मानले आहे. त्याच स्थानाच्या २१व्या अध्यायात झोपेची तपशीलवार चर्चा येते. अवेळी घेतलेली झोप, अति झोप आणि अपुरी झोप या तिन्हींनी आरोग्य व आयुष्य यांचा नाश होतो, असे तेथे म्हटले आहे. परंतु किती घटिका झोपावे, किती प्रहर झोपावे, याचा आकडा दिलेला नाही.

३/
आकड्याऐवजी तेथे वेगळाच प्रश्न विचारला आहे: ही झोप आली कोठून? त्यानुसार झोपेचे प्रकार पाडले आहेत. तमोगुणातून येणारी, कफातून येणारी, मन आणि शरीर यांच्या श्रमातून येणारी, आगंतुक, व्याधीच्या मागोमाग येणारी आणि रात्रीच्या स्वभावानेच येणारी. यांपैकी शेवटची तेवढी निरोगी. तिला ‘भूतधात्री’, म्हणजे प्राणिमात्रांचे पोषण करणारी दाई, असे नाव आहे. दिवसा झोपणे सर्वसाधारणपणे निषिद्ध. पण ओझे वाहून किंवा वाट चालून थकलेल्यांना, वृद्धांना, बालकांना आणि ग्रीष्म ऋतूत सर्वांनाच त्याची मुभा आहे.

श्रमातून येणारी झोप आणि व्याधीमागून येणारी झोप, हे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

४/
झोप तासांत मोजून तिच्यावर नैतिक निकाल देण्याची रीत ठळकपणे दिसते ती अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचे १७८२ चे एक प्रवचन वेळेच्या सदुपयोगाविषयी आहे. त्यात त्यांनी स्वतःवर केलेला प्रयोग सांगितला आहे. रोज मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना जाग येई आणि बराच वेळ झोप लागत नसे. आपण गरजेपेक्षा अधिक वेळ अंथरुणात घालवतो, असा तर्क करून त्यांनी गजराचे घड्याळ आणले. पहिल्या दिवशी सातला उठले, दुसऱ्या दिवशी सहाला, मग पाचला, मग चारला. चारला उठू लागल्यावर रात्रीची जाग थांबली.

५/
आजच्या निद्रातज्ज्ञांना हा प्रयोग ओळखीचा वाटेल. निद्रानाशाच्या उपचारात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची पद्धत आजही वापरली जाते. पण वेस्ली तेथे थांबले नाहीत. निरोगी पुरुषाला साधारण सहा तास पुरतात, स्त्रीला थोडे अधिक, असा सार्वत्रिक नियम त्यांनी काढला. जास्त झोपल्याने दृष्टी मंदावते, मज्जातंतू दुबळे होतात असे ते सांगत. आणि त्यांच्या दृष्टीने याहून मोठी हानी होती ती आत्म्याची. एका माणसाच्या देहावरून साऱ्या मानवजातीचा नियम काढण्याची ही सवय झोपेच्या इतिहासात वारंवार भेटते. रोज चार तासांच्या झोपेची फुशारकी मारणारा एडिसन हा त्याच वाटेवरचा पुढचा प्रवासी.

६/
अति झोपेला आळस, आणि आळसाला दुर्गुण ठरवणारी ही दृष्टी कारखानदारीला फार सोयीची ठरली. यंत्र थकत नाही. मग माणसाने का थकावे? स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे कापडगिरण्या चालवणारे रॉबर्ट ओवेन मालक असूनही याला अपवाद होते. आठ तास काम, आठ तास मनोरंजन, आठ तास विश्रांती ही १८१७ च्या सुमाराची घोषणा त्यांच्या नावे सांगितली जाते.

या आठामागे कसलेही वैद्यकीय निरीक्षण नव्हते. २४ ला ३ ने भागले की ८ उरतात, इतकाच त्याचा आधार. घोषणा म्हणून मात्र ती विलक्षण होती. दिवसाच्या तीन वाट्यांपैकी दोन कामगाराच्या मालकीचे आहेत, हे तिने अगदी लहान मुलालाही कळेल अशा हिशेबात मांडले.

७/
२१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी काम थांबवून मोर्चा काढला आणि पगार न कापता आठ तासांचा दिवस मिळवला. १ मे १८८६ ला अमेरिकेत याच मागणीसाठी संप झाले. त्यानंतर तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केट चौकात काय घडले, ते मे दिनाच्या निमित्ताने दरवर्षी सांगितले जातेच. या घोषणेतल्या कामाच्या आठ तासांवर ग्रंथ लिहिले गेले. झोपेचे आठ तास मात्र मागच्या दाराने लोकांच्या मनात शिरले आणि आरोग्याचा नियम होऊन बसले.

८/
आता मुंबई. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन केली. नंतरच्या तीन दशकांत परळ, लालबाग, भायखळ्याच्या आकाशात धुरांडी उभी राहिली. सुरुवातीला गिरणी चाले ती सूर्यप्रकाशावर. उजाडले की सुरू, मावळले की बंद. त्यामुळे हिवाळ्यात सुमारे ११–१२ तास, तर उन्हाळ्यात १३–१४ तास काम पडे. म्हणजे कामगाराची झोप ऋतूप्रमाणे आखूड-लांब होई, आणि ज्या उन्हाळ्यात चरकाने दिवसाही झोपण्याची मुभा दिली, त्याच उन्हाळ्यात ती सर्वांत आखूड असे.

९/
१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा केवळ मुलांपुरता होता: ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला ९ तास. प्रौढांच्या तासांना मर्यादाच नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केले आणि त्यांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार.

‘सकाळी साडेसहा ते सूर्यास्त’ याचा हिशेब करून पाहावा. तो जवळपास बारा तासांचा भरतो. मेलबर्नचे पाथरवट आठ तास मिळवून तीन दशके होत आली असताना मुंबईच्या सर्वांत पुढारलेल्या कामगार नेत्याची मागणी बारा तासांची होती. यावरून लोखंडे मवाळ होते असे कोणी ठरवू नये. प्रत्यक्ष परिस्थिती किती बिकट होती, याचे ते माप आहे.

१०/
१० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी बंधनकारक झाली, स्त्रियांचे तास ११ वर आले आणि त्यांना रात्रीच्या कामाची बंदी झाली. ही सुधारणा खरीच. पण गिरणीत जाण्यापूर्वी पहाटे उठून पाणी भरणे, भाकऱ्या थापणे आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटवणे हे तास कोणत्याच कायद्याच्या रकान्यात बसत नव्हते. गिरणगावातल्या बाईची झोप किती होती, हे मोजायला कोणीही गेले नाही.

११/
मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची शेवटची मर्यादाही संपली. कापसाच्या तेजीच्या काळात, १९०५ च्या सुमारास, मुंबईतल्या कित्येक गिरण्या दिवसाला १४–१५ तास चालत. १५ वजा करता उरतात ९. त्यातून गिरणीपर्यंतची पायपीट, नळावरची रांग, आंघोळ, जेवण वजा केले की झोपेला पाच-साडेपाच तासांहून अधिक काय उरणार? त्या वर्षी या लांबलेल्या तासांविरुद्ध कामगार रस्त्यावर उतरले.

१२/
त्याच्या पाठोपाठ घडलेला एक प्रसंग इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. ज्याच्या कचेरीची वेळ अकराची, त्याला ३९ मिनिटांचे फारसे सोयरसुतक नव्हते. ज्याला अंधारातच भोंग्याच्या आवाजावर धावायचे, त्याच्यासाठी घड्याळ पुढे सरकणे म्हणजे ३९ मिनिटे आधी उठणे. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात जेकब ससून गिरणीतील हजारो कामगारांनी काम नाकारले आणि गिरणीवर दगडफेक केली.

मुंबईत पुढे कित्येक दशके ‘मुंबई टाइम’ आणि प्रमाणवेळ या दोन वेळा शेजारी शेजारी नांदल्या. त्या वादाची चर्चा बहुधा शहराच्या अस्मितेच्या अंगाने होते. त्यात झोपमोडीचा भागही होता, हे सांगायचे राहून जाते.

१३/
मालकांची बाजू काय होती? १९०७-०८ च्या कारखाना आयोगापुढे आलेला युक्तिवाद असा, की हिंदी कामगार सलग काम करतच नाही. पाणी, तंबाखू, जेवण या निमित्ताने सारखा बाहेर रेंगाळतो, म्हणून तास लांब दिसतात इतकेच. थकलेला माणूस रेंगाळतो, ही शक्यता या युक्तिवादात कोठेच नव्हती. वेस्लींच्या प्रवचनातला आळस येथे वेगळ्या पोशाखात आला होता.

१४/
कायदे पुढे हळूहळू सरकले. १९११: गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना कमाल १२ तास. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपला पहिलाच ठराव दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांचा केला. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे उपस्थित होते. पण हिंदुस्थानसाठी वेगळी सवलत ठेवली गेली: आठवड्याला ६० तास. मग १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ मध्ये ४८. ओवेनच्या घोषणेपासून येथवर पोहोचायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

१५/
तास मिळाले, तरी निजायला जागा? चाळीतल्या एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी राहत. दिवसपाळीचा गडी उठला की रातपाळी करून आलेला त्याच जागेवर वळकटी पसरी. उरलेले गॅलरीत, जिन्यात, पदपथावर. अशा माणसाला सुट्टीच्या रविवारी दुपारपर्यंत पडून राहिलेले पाहून कुंभकर्ण म्हणणे सोपे होते. चरकाच्या वर्गीकरणात ती ‘श्रमातून येणारी’ झोप, इतकेच.

१६/
झोप खरोखर किती लागते, हे मोजण्याचे शास्त्र या लढ्यांच्या कितीतरी मागून आले. शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे १९३८ च्या उन्हाळ्यात केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. सूर्य नाही, ऊब-थंडीचा फरक नाही. तेथे २८ तासांचा ‘दिवस’ शरीर स्वीकारते का, ते त्यांना पाहायचे होते. तरुण रिचर्डसन त्याला सरावला. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठ्या क्लाइटमन यांच्या शरीराने २४ तासांचा हट्ट काही सोडला नाही. एकाच गुहेत, एकाच दिनक्रमात दोन माणसांच्या झोपेचे दोन नियम. सर्वांना लागू पडणारा एक आकडा शोधणाऱ्यांना हा इशाराच होता.

१७/
तरी आकड्याचा शोध थांबला नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने दहा लाखांहून अधिक लोकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांत झोपेचाही प्रश्न होता. कायलर हॅमंड यांनी १९६४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले: सर्वांत कमी मृत्युदर सात तास झोपणाऱ्यांचा. कमी झोपणाऱ्यांचा अधिक, हे अपेक्षित होते. पण जास्त झोपणाऱ्यांचाही अधिक होता. २००२ मध्ये डॅनियल क्रिपके यांनी त्याच संस्थेच्या नंतरच्या पाहणीतील ११ लाख लोकांची माहिती तपासली. पुन्हा सात. साडेआठ तासांहून अधिक झोपणाऱ्यांत मृत्यूची जोखीम १५ टक्क्यांहून अधिक वाढलेली दिसली. आलेखावर ही आकृती खोलगट वाटीसारखी उमटते, तळ सातावर.

१८/
२०१० मध्ये अशा १६ अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. सुमारे १३ लाख ८० हजार लोक. अपुऱ्या झोपेशी १२ टक्के अधिक मृत्यू निगडित होते, तर दीर्घ झोपेशी तब्बल ३० टक्के. वृत्तपत्रांना मथळा मिळाला: जास्त झोपाल तर लवकर मराल. हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात, नैराश्य हे सर्व दीर्घ झोपेच्या नावावर मांडले गेले.

१९/
येथे चरकाचे जुने वर्गीकरण पुन्हा उघडावे. या अभ्यासांत ‘झोप किती’ एवढेच विचारले होते. ‘कोठून आली’ हे बहुधा सुटले. न ओळखलेला हृदयरोग, थायरॉइडची कमतरता, नैराश्य, काही औषधे, झोपेत श्वास अडण्याचा विकार या सर्वांत माणूस अधिक वेळ झोपतो किंवा अंथरुणात पडून राहतो. मग मृत्यू झोपेने आला की त्या रोगाने? व्याधीमागून येणारी झोप व्याधीचे कारण म्हणून नोंदली जाण्याचा धोका येथे उघड आहे. निकटचा संबंध दिसला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

२०/
दुसरी अडचण साधनाची. लोक आपली झोप अंदाजाने सांगतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोतील एका अभ्यासात मनगटावरील यंत्राने मोजलेली झोप सरासरी ६ तास निघाली. त्याच लोकांनी स्वतः सांगितलेली सरासरी ६.८ तास होती. जे सर्वांत कमी झोपत होते, त्यांचा अंदाज सर्वांत जास्त चुकला. म्हणजे वाटीचा तळ नेमका कोठे आहे, हेही थोडे डळमळीतच.

२१/
तिसरा पुरावा प्रयोगशाळेतला. १९९० च्या दशकारंभी थॉमस वेर यांनी निरोगी माणसांना महिनाभर रोज १४ तास काळोखात ठेवले. सुरुवातीच्या रात्री ही माणसे दहा तासांहून अधिक झोपली. पुढे काही आठवड्यांत झोप आपोआप उतरून आठ तासांच्या आसपास स्थिरावली. आधीच्या दीर्घ रात्री म्हणजे साठलेले कर्ज फेडणे होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. फेडून झाल्यावर कोणी अधिक झोपू शकले नाही.

दिवा नव्हता तेव्हा माणूस सुखाने दहा तास झोपत असे, ही समजूतही फारशी टिकत नाही. टांझानियाचे हाड्झा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियाचे त्सिमाने या वीजविरहित समाजांतील ९४ जणांची झोप २०१५ च्या अभ्यासात यंत्राने मोजली. ती ५.७ ते ७.१ तास भरली.

२२/
मग आजचे उत्तर काय? २०१५ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन आणि स्लीप रिसर्च सोसायटी यांनी एकमताने सांगितले: १८ ते ६० वर्षांच्या प्रौढांनी नियमितपणे ७ तास किंवा अधिक झोपावे. वरची मर्यादा त्यांनी घातलीच नाही. तरुण, झोपेचे कर्ज फेडणारे आणि आजारी यांच्यासाठी ९ तासांहून अधिक झोपही योग्य असू शकते; इतरांच्या बाबतीत ती घातक आहे की नाही, हे अनिश्चित. त्याच वर्षी नॅशनल स्लीप फाउंडेशनने १८ ते ६४ वयासाठी ७ ते ९ आणि ६५ च्या पुढे ७ ते ८ तास सुचवले.

२३/
याचा अर्थ लांब झोपेकडे दुर्लक्ष करावे असा नाही. सुट्टीच्या दिवशी बारापर्यंत झोपल्यावर डोके जड होणे, उठल्यावर बराच वेळ सुस्ती राहणे, रविवारी रात्री झोप न लागून सोमवार बिघडणे, हे परिणाम खरे आहेत. पण ते तात्पुरते आहेत आणि बहुतांशी आठवड्याच्या अनियमिततेतून येतात. खरी काळजीची बाब वेगळी. रोज नऊ-दहा तास झोपूनही थकवा जात नसेल, जोरात घोरणे, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणे, मन उदास राहणे असे काही सोबतीला असेल, तर डॉक्टरांना भेटावे. गजर आणखी पहाटेचा लावणे हा त्यावरचा इलाज नव्हे. वेस्लींच्या उपायाने फार तर लक्षण दडपेल.

२४/
शेवटी पुन्हा श्रमिकांकडे. अलीकडे काही अर्थशास्त्रज्ञांनी चेन्नईतील कमी उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांच्या झोपेचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणात असत. ओवेनच्या घोषणेतले आठ तास त्यांच्या पदरात पडले होते. यंत्राने मोजलेली प्रत्यक्ष झोप मात्र साडेपाच तासांची होती. उकाडा, डास, गोंगाट, दाटीवाटी यांनी ती पुनःपुन्हा मोडत होती.

२५/
संशोधकांनी काहींना पंखे, गाद्या, डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि सल्ला दिला. त्यांची रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढली, पण कामात किंवा मिळकतीत फरक दिसला नाही. तुकड्यातुकड्यांच्या झोपेत आणखी एक तुकडा जोडला गेला, असे त्याचे एक स्पष्टीकरण देता येते. दुसऱ्या काहींना कामाच्याच ठिकाणी दुपारी अर्ध्या तासाची डुलकी घेऊ दिली. त्यांची उत्पादकता वाढली आणि त्यांना बरेही वाटू लागले. डुलकीसाठी त्यांना कचेरीत आडवे होण्याजोगी शांत जागा देण्यात आली होती. रात्री घरी तशी जागा त्यांच्यापैकी बहुतेकांकडे नव्हती.